एफ्राइम किंवा काश्यप

माझ्या आईचं आणि माझ्या सासऱ्यांचं पटणार नाही, अशी माझी खात्री होती. ती नागपूरची, पूजा झाल्याशिवाय चहा न पिणारी. ते युटाचे, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातले, चहाच न पिणारे. शॉमबर्गला आमच्याकडे दोघं एकाच आठवड्यात येऊन थडकले आणि मी दोघांच्या मध्ये मध्ये फिरू लागले. उगाच. तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर दोघं आपापली कुळं मांडून बसले होते, घड्या उलगडून एकमेकींना साड्या दाखवाव्यात तसे.

"आम्ही एफ्राइमच्या वंशातले," सासरे म्हणाले. त्यांचं नाव लॅमार. "इस्राएलच्या बारा वंशांपैकी एक. चर्चमध्ये खास आशीर्वाद देतात, त्यात ज्याचा त्याचा वंश सांगतात. माझे वडील, मी, टॅनर, सगळे एफ्राइम."

टॅनर माझा नवरा. तो मान खाली घालून वरण ढवळत होता.

"आणि जो या वंशांतला नसेलच, त्याचं काय?" आईनं विचारलं. तिची हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली आहे, दुभाष्या लागत नाही.

"त्याला दत्तक घेतात. बहुतेक वेळा एफ्राइममध्येच."

"बघ!" आई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली. "गोत्र माहीत नसलं की आपण काश्यप लावतो, तसंच हे. किती व्यवस्थित आहेत गं लॅमारराव."

लॅमारराव! माझ्या मावसबहिणीनं, दीपानं, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी नागपुरातच लग्न केलं, तेव्हा ही बाई गुडघेदुखीचं निमित्त करून घरी बसली होती. माझ्या गोऱ्या नवऱ्याच्या वेळी गुडघे एकदम बरे झाले आणि पैठणी नेसून विमानात बसली. जात दोन गल्ल्या पलीकडची असली की विटाळ, दोन समुद्रांपलीकडची असली की कौतुक. आणि इकडे लॅमार. त्यांच्या चर्चमध्ये १९७८ सालापर्यंत इतर सगळ्या पुरुषांना मिळणारा पौरोहित्याचा अधिकार काळ्यांना नव्हता. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्याबद्दल विचारलं की हसून म्हणतात, "झालं गेलं, आता दार उघडलंय ना." जणू काही इतकी वर्षं दार वाऱ्यानं लागलं होतं.

दोन दुकानं, पृथ्वीच्या दोन टोकांना, आणि दोन्हींकडे बेवारस मालासाठी एकेक फळी राखलेली. हे लक्षात आल्यावर एकाला तरी शरम वाटावी की नाही? छे. दोघांनी एकमेकांना आणखी शिरा वाढला.

माझी काळजी निराळीच होती. माझा आर्य सात महिन्यांचा आहे आणि रडता रडता श्वास धरतो. तोंड उघडं राहतं, आवाज बंद होतो, ओठ निळे पडतात. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, आपोआप येतो श्वास. डॉक्टरांना म्हणायला काय जातं? तोंडावर फुंकर मारून कुशीवर धरलं की तो लवकर येतो, हे मला माहीत आहे. त्यामुळे आर्य कुणाच्याही हातात असला तरी मी हातभर अंतरावर असते.

आणि रविवारी आमच्या घरी लॅमार त्यांच्या चर्चच्या पद्धतीनं आर्यच्या नामकरणाचा विधी करणार होते. त्यात पुरुष गोल उभे राहणार, प्रत्येकाचा एक हात बाळाखाली, दुसरा शेजाऱ्याच्या खांद्यावर, आणि आजोबा नाव उच्चारून आशीर्वाद देणार. बाळाची आई सोफ्यावर.

"मी आर्यला धरून मध्ये उभी राहते," मी लॅमारना म्हटलं. "बोलणार काहीच नाही."

"तसं नसतं, स्वीटी. हा पौरोहित्याचा विधी आहे." मग त्यांनी त्यांच्या डोक्यावर कुणी हात ठेवून अधिकार दिला, त्याच्या डोक्यावर कुणी, असं थेट येशूपर्यंत सांगितलं. "ही परंपरा आहे. बायबलमधल्या पुरोहितांपासून, लेवीच्या मुलांपासून चालत आलेली."

त्यांचं बायबल मी त्यांच्यापेक्षा बारकाईनं वाचलंय. शत्रूची तपासणी करावी तसं. त्यात एज्रा नावाचा पुरोहित आहे. वंशावळ दाखवता न आलेल्यांचं पौरोहित्य तिथं काढून घेतात, आणि पुढे हा एज्रा भर पावसात सभा भरवून परक्या बायकांना पोरांसकट हाकलायला लावतो. मी त्याची आठवण करून दिली.

"तू कुठे परकी आहेस," लॅमार प्रेमानं म्हणाले. "आर्य टॅनरकडून एफ्राइमच आहे."

"आणि माझ्याकडून?"

त्यांनी माझा खांदा थोपटला.

"अगं, मुंजीत तरी काय," आई म्हणाली. "मातृभोजन झालं की आईचं काम संपतं. आपल्यात आहे ते यांच्यात आहे. तू उगीच फाटे फोडू नकोस."

टॅनरला मी बेडरूममध्ये गाठलं. वर्तुळात उभं राहता यावं म्हणून त्यानं कॉफी सोडली होती. त्यांच्यात ती चालत नाही. कॉलेजपासून दिवसाला चार मग पिणारा माणूस सध्या गरम पाण्यात लिंबू पिळून तोंड वाकडं करत होता.

"बोल ना त्यांच्याशी, यार."

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे, प्रतिमा. डॅडना बरं वाटेल."

डॅडना बरं वाटावं म्हणून हा कॉफी सोडतो. माझ्यासाठी ओला टॉवेलही पलंगावरून उचलत नाही.

रविवारी हॉलमधला कॉफी टेबल बाजूला सरकवला. लॅमार, टॅनर, धाकटा दीर ब्रेडन आणि एरवी इन्शुरन्स विकणारे त्यांचे बिशप, असे चौघं पांढरे शर्ट घालून गोल उभे राहिले. आर्य मधोमध, पोळपाटावरच्या गोळ्यासारखा. लॅमारनी डोळे मिटले. सगळ्यांनीच मिटले. बाळ शांत राहावं म्हणून ते त्याला हलके हलके झुलवत होते आणि मला फक्त चार पाठी दिसत होत्या.

आर्य रडायला लागला. लॅमारचा आवाज चढला. रडणं चढलं. मग रडणं थांबलं.

"शांत झाला बघ," आई पुटपुटली.

मी उठले. आईनं माझं मनगट धरलं. "थांब, मध्ये जाऊ नकोस! मंत्र चाललाय त्यांचा."

मंत्र. हात हिसडून मी ब्रेडन आणि बिशपच्या मधून खांदा घातला. आर्यचे ओठ निळे होते आणि चार अधिकारी पुरुष डोळे मिटून त्याला झुलवत होते. मी त्याला ओढून घेतलं, कुशीवर वळवलं, फुंकर मारली. एकदा. दुसऱ्यांदा. त्यानं असा काही श्वास घेतला, की सबंध हॉलमधली हवा आत गेली. मग भोकाड. इतकं गोड भोकाड मी ऐकलेलं नाही.

"ओह, डिअर," बिशप म्हणाले. "ठीक आहे ना तो?"

"आता आहे."

लॅमारनी टाय सारखा केला. "नावच उच्चारायचं राहिलं. होईल शांत जरा वेळानं, परत उभे राहू."

"राहा. तो माझ्या हातात असेल."

"ते चालत नाही, हनी."

"अगं, अर्धवट ठेवू नये," आई मागून म्हणाली. "दे त्यांना. मिनिटभराचं तर काम."

"तू एवढी सोवळ्याची ना, आई? तूच जा की त्या वर्तुळात. बघू घेतात का तुला तुझे लॅमारराव."

आईनं पदर सारखा केला आणि शिऱ्याच्या भांड्याकडे पाहू लागली.

"टॅनर," लॅमार म्हणाले, "मुलाला घे तिच्याकडून."

टॅनर माझ्याकडे बघत होता. खरं तर माझ्याकडे नाही, आर्यच्या ओठांकडे. ते अजून नीट गुलाबी झाले नव्हते. त्यानं ते असे निळे पडलेले यापूर्वी कधी बघितलेच नव्हते. दर वेळी मी आधी पोचत असे. तो वळला आणि किचनमध्ये गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग ग्राइंडरचा. हॉलभर वास पसरला. बिशप छताकडे बघायला लागले.

तो दोन मग घेऊन आला. एक माझ्यासमोर ठेवला. दुसरा वडिलांच्या देखत तोंडाला लावला.

"म्हणजे आज तुला उभं राहता येणार नाही," लॅमार हळूच म्हणाले.

"हो, डॅड. मग आज होणारच नाही."

इतक्या दिवसांनी केलेली कॉफी, प्रमाण पार बिघडलेलं, कडू जहर. तरी मी ती प्यायले.

टॅनरनं हातातला मग खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. "दे, घेतो मी."

"आधी फुंकर कशी मारायची ते बघ," मी म्हटलं, आणि आर्यला दिलं नाही.