कॅप्टन गेल यांची पहिली सफर

आधीच सांगून ठेवतो, त्या जनावराचं नाव मी घेणार नाही. तेच ते, आखूड शेपटीचं, नाकानं चिखल उकरणारं, ज्याचं खारवलेलं मांस तुम्ही सकाळी अंड्यांबरोबर मिटक्या मारत खाता. आमच्या स्कारविक गावात कोणी चुकून ते नाव घेतलंच, तर ऐकणारा प्रत्येक जण हातातलं काम टाकून आधी थंड लोखंडाला हात लावतो. खिळा, कडी, चाकू, जे जवळ असेल ते. हसायचं तर खुशाल हसा. हसणाऱ्यांना माझ्या होडीत जागा नाही.

तसंच पाद्र्याचं. जमिनीवर तो शब्द चालतो, समुद्रावर नाही. आणि होडीकडे निघालेल्या माणसाला वाटेत पाद्री भेटला, तर तो माणूस मुकाट्यानं घरी परत येतो. त्या दिवशी मासेमारी बंद. आमचे पाद्री मिस्टर लायल बिचारे हे जाणून होते. आमची निघायची वेळ टळेपर्यंत ते घराबाहेर पाऊल टाकत नसत. इतकी वर्षं गावात राहिले, पण कोणाची एक खेप त्यांच्यामुळे बुडाली नाही. असा समजूतदार माणूस शोधून सापडायचा नाही.

आता कॅप्टन गेल यांच्याबद्दल. दर शनिवारी संध्याकाळी माझी बायको टॅमर आमच्या स्वयंपाकघरात मुलांचं साप्ताहिक मोठ्यानं वाचायची. मुलांचं म्हणायचं नुसतं! ऐकायला बसायचे सगळे दाढीवाले. माझ्या होडीवरचे दोघं तर हटकून असायचे. एक टॅमरचा भाऊ रूबेन आणि दुसरा म्हातारा ओबद. कॅप्टन गेल त्यात आपल्या सफरी लिहायचे. चाचे, पेटलेली जहाजं, देवमासे, काही विचारू नका. आणि संकटात सापडले की ओरडायचे, “शार्कच्या सासूची शपथ!” की लगेच ओबद मांडीवर थाप मारायचा. “याला म्हणतात दर्यावर्दी! नाहीतर आपला जेबेझ. वारा जरा फिरला की घरी पळतो.”

जेबेझ म्हणजे मी. मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. एकदा मिस्टर लायल आमच्याकडे तळलेले मासे खायला आले होते, तेव्हा मी तो त्यांच्यासमोर काढला.

“तो गेल थापाड्या आहे, साहेब! त्याच्या जहाजावरचा आचारी भर डेकवर त्या जनावराचं नाव घेतो. चाळीस चाचे तिथे उभे, आणि एक मेला लोखंडाला हात लावत नाही! हा माणूस जन्मात होडीत बसलेला नाही.”

मिस्टर लायल मान खाली घालून काटे काढत राहिले. “असेल,” एवढंच म्हणाले. कान मात्र लाल झाले होते. मला वाटलं, चुलीजवळ बसलेत म्हणून.

पुढे काही आठवड्यांनी टॅमर वाचत होती. आचाऱ्यानं पुन्हा ते नाव घेतलं, टॅमरनं नुसतं ‘ते’ म्हणून वाचलं, आणि काय सांगू! चाळीसच्या चाळीस चाचे तलवारी टाकून नांगराला हात लावायला धावले. रूबेन हसून हसून बाकावरून पडला. मला मात्र हसू येईना. शेजारच्या गावात ते नाव ऐकलं की थुंकतात. त्याच्या पलीकडच्या गावात उलटी गिरकी घेतात. लोखंडाला हात लावतो ते फक्त आम्ही. मग हे त्या गेलला सांगितलं कोणी? सांगणारा मी, ऐकणारा एक. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तसाच उठलो आणि पाद्र्यांच्या दारावर धडकलो.

“तुम्ही!” मी म्हणालो. “तुम्ही कॅप्टन गेल!”

“हळू बोल, जेबेझ,” ते म्हणाले, आणि मला आत ओढून दार लावलं. तिथे एका दमात सगळं बाहेर पडलं. लहानपणी समुद्रावर जायचा ध्यास होता. आईनं रडून रडून पुस्तकाला जुंपलं. मग या गावी आले, खिडकीतून रोज आमची शिडं बघत राहिले आणि बघून बघून लिहायला लागले.

“मग कधी बोलला नाहीत ते?”

“कोणाला बोलू? पाद्र्याला होडीत कोण घेणार? आणि आता वेळही राहिला नाही. बिशपांनी माझी बदली केली आहे. परवाचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी निघायचं. गिरण्यांचं गाव आहे ते, तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जेबेझ, एकदाच नेशील? एकदाच. पुन्हा मागणार नाही.”

नाही म्हणावं तर त्या माणसाची जन्माची इच्छा मी मारणार. हो म्हणावं तर ओबद! ओबदनं आधीच्या पाद्र्याच्या नुसत्या सावलीला घाबरून एकदा भरलेली आमिषाची टोपली वाटेतच टाकली होती. “शक्य नाही,” मी ओरडलो. “डोकं फिरलंय तुमचं!” आणि दार आपटून बाहेर पडलो.

घरी आल्यावर टॅमरनं सगळं ऐकून घेतलं आणि पेटी उघडली. माझ्यासाठी विणलेली नवी निळी लोकरीची जर्सी तिनं बाहेर काढली. आमच्या गावच्या विणीत शिडी आणि दोराची नक्षी असते. दर गावाची वीण वेगळी. बुडालेला माणूस कुठेही किनाऱ्याला लागला, तरी लोक वीण बघून त्याला त्याच्या गावी पोचवतात.

“ही घाला म्हणावं त्यांना,” ती म्हणाली. “आणि अरे शहाण्या, पाद्र्याला घेऊ नकोस ना! कॅप्टन गेलना घे.”

मी हात टेकले. बाई बोलली ते खरंच होतं.

शुक्रवारी पहाटे मी रूबेनला आणि ओबदला सांगितलं, आज कॅप्टन गेल आपल्याबरोबर येणार. दोघं मला वेड्यात काढतायत तोवर वाळूतून मिस्टर लायल आले. आमची जर्सी, माझे जुने बूट, डोक्यावर कानटोपी. रूबेनचा आ वासला. ओबद बघतच राहिला. वरपासून खालपर्यंत बघितलं, पुन्हा खालपासून वर. मग त्यानं होडीच्या लोखंडी कडीवर हात ठेवला आणि तो ठेवूनच उभा राहिला. एक शब्द ओबद बोलला असता तर सगळं संपलं असतं.

“कॅप्टन,” ओबद शेवटी म्हणाला, “उशीर केलात. भरती थांबत नसते कोणासाठी.”

आणि आम्ही निघालो.

गाव दिसेनासं व्हायच्या आतच कॅप्टन गेल आडवे झाले. पोटात काही म्हणून राहिलं नाही. पण मधूनच मान वर काढून लाटांकडे बघायचे आणि भिजल्या चेहऱ्यानं हसायचे. “काय सुंदर आहे हो!” म्हणायचे, की पुन्हा डोकं बाहेर. इतका सुखी आजारी माणूस मी पाहिला नाही.

गळाच्या दोऱ्या ओढताना वारा वाढला. मी शीड सांभाळत होतो, रूबेन पाणी उपसत होता. तेवढ्यात एक लाट आडवी आली आणि ओबदचा पाय सरकला. अर्धा म्हातारा काठाबाहेर! मिस्टर लायलनी झेप घेऊन त्याचा पट्टा पकडला. दात-ओठ खाऊन ओढत होते. त्यांचं तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता हा माणूस देवाचा धावा करणार, सवयच ती, आणि मग होडीत बसलेला कोण आहे ते झाकलेलं राहणार नाही.

“शार्कच्या सासूची शपथ!” मिस्टर लायल गरजले. “ये वर, म्हाताऱ्या ठोंब्या!”

ओबद माशासारखा आत येऊन पडला. खोकला, थुंकला, दाढी पिळली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “जमिनीवर काही लोक म्हणत होते, हा भलताच कोणी आहे. हॅ! भलता असता तर गुडघे टेकले असते. हा कॅप्टनच.”

आम्ही सगळे असे हसलो की दोऱ्या तशाच राहिल्या. मिस्टर लायल सर्वांत मोठ्यानं हसत होते, डोळे पुसत.

सोमवारी आम्ही होडीकडे निघालो, टॅमर आमिषाची टोपली घेऊन बरोबर होती, तर वळणावर सामानाची गाडी उभी. गाडीवाल्यानं लवकर निघायचा हट्ट धरला होता. शेजारी मिस्टर लायल, काळा कोट, पांढरी कॉलर, पुरता पाद्री. आम्हाला बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लपायला जागा शोधू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या वाटेत आले होते, तेही जाताजाता. त्यांच्या हातात धुऊन घडी केलेली जर्सी होती. ती त्यांनी घाईघाईनं टॅमरपुढे धरली.

टॅमरनं ती घेतली नाही. “तुमची आहे ती,” म्हणाली.

“पण तिकडे समुद्र नाही हो. मी बुडणार कुठे?”

“नसू दे समुद्र. अंगात असू दे. कुठेही सापडलात तरी लोक वीण बघून इकडेच आणून सोडतील.”

तिथेच रस्त्यात, कोटावरून, कॉलरवरून मिस्टर लायलनी जर्सी चढवली.

आता रीतीप्रमाणे आम्ही मागे फिरायचं. रूबेन वळलासुद्धा होता. मी ओबदकडे बघितलं. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव त्याच्या हाताशीच होती. ओबदनं दोन्ही हात खिशात घातले.

“येतो आम्ही, कॅप्टन,” तो म्हणाला, आणि त्यांच्या अगदी समोरून चालत होडीकडे गेला. आम्ही त्याच्या मागोमाग.