लँडमास्टरचा भोंगा

"शेवटची ड्यूटी, आणि तू एसटीनं जाणार? लोक काय म्हणतील?" बोनेटवर पॉलिश घासता घासता संदीप म्हणाले.

"काय म्हणायचंय? नोकरीला लागल्यापासून एसटीनंच जाते."

"आज गाडी काढू. त्या बाजूला बाबांचा केवढा मान होता, तुला कल्पना नाही."

मला कल्पना होती. म्हणूनच मी डबा पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. "गाडी तिकडे आणायची नाही," मी म्हटलं. "जुन्या गाड्यांच्या रॅलीला न्या, बीचवर न्या, नवरानवरी बसवून फोटो काढा. माझ्या पाड्यावर आणायची नाही."

संदीप हसले. जुन्या गाडीत बसायची मला लाज वाटते, असा त्यांचा समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही.

गाडी म्हणजे काळी लँडमास्टर. माझे सासरे गोविंदराव यांनी मुंबईहून आणलेली. सासरे गेल्यावर ती आमच्या चिखल्याच्या वाडीत चिकूच्या झाडांखाली ताडपत्री पांघरून पडली होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. माझं म्हणाल तर कोंबड्यांनी तिचा बरा उपयोग केला होता. पण संदीप बँकेतून रिटायर झाले आणि गाडीच्या मागे लागले. माझे गुडघे वर्षभर ठणकतायत, विचारायची सोय नाही. गाडीच्या मात्र एकेका नटाला रोज तेल. ड्रायव्हरच्या बाजूला बाहेरून पितळी भोंगा आहे, रबरी चेंडू दाबून वाजवायचा. त्याचं रबर विरून गेलं होतं, म्हणून तो इतकी वर्षं मुका होता. गेल्या आठवड्यात नवा चेंडू मिळाला आणि तेव्हापासून चिखल्याला कानात कापूस घालून बसायची वेळ आलीय.

तेही चाललं असतं. पण परवा त्यांनी रॅलीवाल्यांसाठी व्हिडिओ केला, 'वडिलांनी दिलेले संस्कार'. गाडीवर हात ठेवून बोलले, "बाबा म्हणायचे, वेळ म्हणजे वेळ. गाडी माळावर पोचली, भोंगा तीनदा वाजला, की माणसं हजर. उशीर करायची कुणाची टाप नव्हती. ही शिस्त मी त्यांच्याकडून घेतली." लोकांनी अंगठे पाठवले, हात जोडले, एकानं तर 'असे वडील सर्वांना लाभोत' असं लिहिलं. मी जेवत होते. ताट सरकवून उठले.

मी नर्स. तलासरीच्या पुढे डोंगराकडे सागपाडा आहे, तिथल्या उपकेंद्रात माझी सगळी नोकरी गेली. नोकरी लागली ती माहेरच्या नावावर, आणि कागदोपत्री तेच नाव राहिलं. पाड्यावर मला सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या बाय म्हणतात. मी कुणाची सून, हे कुणी विचारत नाही.

एकदाच विचारलं होतं, सुकीनं. पहिल्याच वर्षी. पायात खुंट घुसून जखम चिघळली होती, मी रोज पट्टी बदलायची. तिनं बोलता बोलता सांगितलं. भात कापणीला आलेलं असायचं त्याच दिवसांत माळावरचं गवतही तयार व्हायचं. माळ शेठचा. काळी गाडी यायची, भोंगा वाजायचा, की आपलं भात शेतात टाकून विळा घेऊन शेठच्या गवताला पळायचं. एकदा तिचा नवरा बारक्या गेला नाही. भात गळायला लागलं होतं, एवढा वाफा कापून येतो म्हणाला. शेठनं त्याच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक गाडीच्या मागच्या बंपरला बांधलं आणि ओहोळापर्यंत पळवला.

"जोरात नाय चालवली," सुकी म्हणाली. "हळूच चालवली. मरू नाय म्हणून."

बारक्या पडला, फरफटला. पुढे त्याला कधी उकिडवं बसता आलं नाही. हे सगळं तिनं आपल्या पायाकडे बघत सांगितलं, आवाज न चढवता. मग मला म्हणाली, "बाय, तुझं सासर कुठं?"

मी म्हटलं, "डहाणूकडं."

त्या संध्याकाळी घरी गेले तर सासरे झोपाळ्यावर बसून चिकू सोलत होते. बोटांवर चीक, ओठांवर गोड रस. "सूनबाई, चहा टाका," म्हणाले. तो कप त्यांच्या हातात देताना माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ते गेले तेव्हा घरातले सगळे रडले. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते.

माझे वडील अलिबागला एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांनी मला संस्कार वगैरे काही दिले नाहीत, त्यांना वेळच नव्हता. एकच गोष्ट सांगायचे. डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसामागे हॉर्न मारायचा नाही, तो वळू शकत नाही. बस, एवढंच.

तर त्या दिवशी डहाणूहून तलासरीची एसटी, पुढे शेअरची इको व्हॅन, अशी नेहमीसारखी मी पाड्यावर पोचले. उपकेंद्राच्या अंगणात मांडव घातला होता. सुकीचा नातू अमृत सगळं बघत होता. तो आता ग्रामपंचायतीत मेंबर आहे. त्याचा जन्म माझ्या हातचा.

"आजी कशी आहे?" मी विचारलं.

"घरात बसलीय. सकाळी आईला म्हणाली, तू कोण?" तो म्हणाला.

सुकीचं डोकं दोन वर्षांपासून काम देत नाही. घरच्यांना ओळखत नाही, मेलेल्यांना हाका मारते. पण गोळी माझ्या हातून घेते. माझा आवाज ऐकला की आ करते. आता उद्यापासून तिला गोळी कोण देईल, हीच त्या दिवशी मला काळजी होती.

भाषणं झाली. बायांनी साडी दिली. अमृत माईक घेऊन म्हणाला, "सिस्टर आमच्यातल्या आहेत." मला भरून आलं. एवढं एक वाक्य मी कमावलं होतं, आणि ते घेऊन मी गुपचूप इकोत बसून जाणार होते. माझी दुसरी काही मागणी नव्हती.

तेवढ्यात भोंगा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा.

वळणावरून लँडमास्टर आली. पांढरा सदरा घातलेले संदीप एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं हसत हसत चेंडू दाबत होते. मला सरप्राइज. मुलं धावली. तरण्या पोरांनी मोबाइल काढले. पण बाकावर बसलेले दोन म्हातारे उठून उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

मग समोरच्या घरातून सुकी बाहेर आली. जिला दोन पावलं टाकायला भिंत लागायची, ती घाईघाईनं आली. पदर खोचलेला, हातात विळा. गाडीच्या दाराजवळ येऊन मान खाली घालून उभी राहिली. धाप लागली होती.

"उशीर नाय झाला, शेठ," ती म्हणाली.

मला वाटलं, हा माणूस आता तरी खाली उतरेल. तो उतरला, आणि त्यानं मोबाइल काढला.

"हिरा, बघितलंस?" संदीप म्हणाले. "इतक्या वर्षांनीसुद्धा. याला म्हणतात शिस्त. आजी, जरा इकडे बघा."

माझा नवरा वाईट माणूस नाही, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. त्या क्षणी त्याच्या शेजारी उभं राहायचीही मला किळस आली. त्याच्या सदऱ्याची, अत्तराची, त्या चकचकीत बंपरची. मी बंपरकडे बघू शकले नाही.

अमृतनं आजीचा दंड धरला. "आजी, चल घरी. कुणी शेठ नाय आता."

सुकी हलेना. "शेठ सांगंल तवा," ती म्हणाली. उन्हात तिचे पाय थरथरत होते.

"तिला जा म्हणा," मी संदीपना म्हटलं.

"एक मिनिट गं, भोंग्याबरोबर एक घेतो."

"अहो, तिला जा म्हणा."

ते परत भोंग्याकडे वळले. मी पुढे झाले आणि त्यांच्या आणि सुकीच्या मधे उभी राहिले.

"सुकीबाय, घरी जा," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. गोळ्या देणाऱ्या बाईचं त्या वेळी तिथं काही चालत नव्हतं. सगळा पाडा बघत होता. अमृत बघत होता. मी सासऱ्यांसारखी हाक मारली.

"सुके, इकडे बघ. मी शेठच्या घरातली. गोविंदरावांची सून. आज गवत नाही. घरी जा."

तिनं मान वर केली. मांडवात कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज झाला. अमृतनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग नजर काढून घेतली.

"उद्या येऊ?" सुकीनं विचारलं.

"उद्याही नाही. कधीच यायचं नाही."

"बरं, शेठाणी," ती म्हणाली.

तिनं विळा डाव्या हातात घेतला, वाकून माझ्या पायांपुढच्या मातीला उजवा हात लावला आणि निघाली. शेठला पाठ दाखवायची नाही, अशी तेव्हाची रीत असावी, कारण ती वळली नाही. आमच्याकडे तोंड ठेवून, मान खाली घालून, एकेक पाऊल मागे टाकत ती घराकडे चालली. आजी पडू नये म्हणून अमृत तिच्या पाठीला हात लावून तिच्या मागून चालत होता.