मागच्या सीटवरची पिशवी

शेजारचे मास्तर सकाळीच दार वाजवत आले. म्हणाले, "अहो, खाली चला जरा. तुमच्या गाडीची काच फुटलीय." भोंगेकाका खांद्यावरच्या टॉवेलसकट खाली धावले. मागच्या सीटवर काचेचा चुरा पडला होता. पिशवी नव्हती.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," मास्तर बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. भोंगेकाकांनी तीस वर्षं लोकांच्या गाड्यांना चोरी रोखणारे भोंगे बसवले, नाव पडलं तेही त्यावरूनच. गाडी परत देताना त्यांचं भाषण ठरलेलं असे: उजेडात लावा, स्टिअरिंगला कुलूप घाला आणि सीटवर रिकामी पिशवीसुद्धा ठेवू नका, चोर पिशवी बघतो, आतलं बघत नाही. बायको त्यांच्या पाठीमागे उभी राहून हे भाषण त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची आणि गिऱ्हाइकं हसायची.

स्वतःच्या गाडीचा भोंगा मात्र त्यांनीच बंद केला होता. बायको इस्पितळात होती तेव्हा गाडी तिच्या खिडकीखाली उभी असे. टपावर मांजर चढलं तरी भोंगा बोंब ठोकायचा आणि नुकता डोळा लागलेली ती दचकून उठायची. एका दुपारी त्यांनी बॉनेट उघडून वायर काढून टाकली. उद्या जोडू, परवा जोडू, करता करता पाच महिने गेले.

पिशवी तिचीच होती. डॉक्टर उद्या घरी सोडतो म्हणाले तेव्हा तिनं पलंगावर बसून एकटीनं ती भरली, चेन ओढली आणि आधीच गाडीत ठेवून यायला सांगितलं. वर म्हणाली, "अहो, उचकू नका बरं का. घरी गेल्यावर मी काढीन सगळं."

दुसऱ्या दिवशी गाडीतून फक्त पिशवी परत आली. काकांनी तिला हात लावला नाही. मेहुणीनं पिशवी वर घरात आणा म्हणून चारदा सांगून पाहिलं, ते हो म्हणायचे आणि विषय बदलायचे.

आता मेहुणी धावत आली. चोराच्या कामाचं काही निघालं नसेल, जवळच फेकली असेल, म्हणून दोघांनी दुपारपर्यंत कचऱ्याचे डबे, गटारं, दुकानांच्या मागच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. दमून ती एका पायरीवर बसली.

"सगळ्या जगाच्या गाड्या राखल्यात, भाऊजी," ती म्हणाली. "ताईची एक पिशवी नाही राखता आली."

तीच मग पदरात तोंड घालून रडली.

पोलीस ठाण्यातल्या कारकुनानं एक कागद पुढे सरकवला आणि चोरीला गेलेल्या वस्तूंची यादी मागितली. माणूस भला होता. घाई नाही म्हणाला, कपडे, चष्मा, आठवेल तसं लिहा म्हणाला. मेहुणीनं शाल सुचवली, कंगवा सुचवला. काका पेन धरून बसले.

"मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "मी उघडलीच नाही."

कारकुनानं कागद घरी न्यायला सांगितला. आठवलं की भरून आणा.

गाडीला नवी काच बसली. यादी लिहायची राहिली आहे.