पहिल्या फणीच्या बिया

तिने ब्लेडची धार बीच्या मधोमध टेकवली आणि अंगठ्याने जोर दिला. कट्‌ असा आवाज होऊन रानकेळीची ती काळी, कडक बी दुभंगली. एक फाक तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला, आणि नको तेच पुन्हा दिसलं. इतर बियांच्या सालीवर सरळ रेघा होत्या. हिच्यावर बारीक बारीक खळगे.

अशा एकेचाळीस निघाल्या होत्या. एकूण तीनशे बियांत, आणि सगळ्या एकाच घडाच्या. एकोणीस तर कापूनही झाल्या, पण उलगडा काही होत नव्हता.

"दोन झाडांची सरमिसळ झालीय," मॅडम काल म्हणाल्या होत्या. त्या तिच्या मार्गदर्शक, आणि त्यांच्यापुढे आजवर कुणाची डाळ शिजली नव्हती. "गोळा कुणी केल्या?"

"माझ्या आत्याने. ती झाडपाल्याचं औषध देते."

"मग झालंच. नमुना रद्द कर."

रद्द म्हणजे दोन वर्षांच्या कामावर पाणी. पण तिला सलत होतं ते वेगळंच. "हो मॅडम, तिच्याकडूनच गडबड झाली असेल," असं ती पटकन बोलून गेली होती. आईमागे जिने वाढवलं, शिकवलं, तिच्या माथी खापर फोडायला क्षणही लागला नव्हता. शेवटी आज सकाळी तिने आत्याला फोन करून बोलावून घेतलं.

आत्या दुपारच्या बसने आली आणि दारातच थबकली.

"चपला काढू की राहू देत? इथे सगळंच कसं धुतल्यासारखं दिसतंय."

"राहू देत गं. ये, बस." तिने स्टूल पुढे केलं. कसं विचारावं ते सुचेना. "आत्या, रागावू नकोस. त्या बियांत दुसऱ्या झाडाच्या नाही ना मिसळल्या?"

"दुसरं झाड आणू कुठून, ठके? यंदा अख्ख्या रानात एकच घड धरला." आत्याचं लक्ष टेबलावरच्या दोन काचेच्या बश्यांकडे गेलं. एकीतली बी उचलून तिने नख फिरवलं. "ही पहिल्या फणीची." मग दुसरीतली उचलली. "ही खालची."

भाची बघतच राहिली. तिने दोन्हीकडच्या चार-पाच बिया मुठीत खुळखुळवून एकेक आत्याच्या हातावर ठेवली. आत्याने एकही चुकवली नाही.

"यात काय एवढं? पहिल्या फणीची खरखरते. म्हणून तर तुला दोन पुरचुंड्या दिल्या होत्या. एक लहान, एक मोठी."

दिल्या होत्या खऱ्या. एकच झाड, एकच चिठ्ठी, मग दोन बाटल्या कशाला, म्हणून तिनेच त्या एकीत ओतल्या होत्या. तिचे कान तापले. तिने तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सरमिसळ मी केली. आत्याने नाही. आणि झाड एकच आहे, पहिल्या फणीची बीच वेगळी असते."



"एकाच घडात दोन तऱ्हांच्या बिया? हे आजवर कुणी नोंदवलेलं नाही. नमुना रद्द करू नकोस," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता. "आणि आत्यांना जाऊ देऊ नकोस. मी येतेच आहे."

तिने फोन ठेवला आणि आत्याच्या गळ्यात हात टाकले. हसू आणि रडू एकदमच आलं.

"तू वाचवलंस गं मला! पण तू मुळात या बिया वेगळ्या का काढतेस?"

"मुतखड्याच्या औषधाला ह्याच लागतात. खालच्या कामाच्या नाहीत."

"मग यंदा औषध कशाचं केलंस?"

"यंदा नाही केलं. आले त्यांना सांगितलं, दवाखान्यात जा. दवाखानेवाले खूश असतील."

भाचीने कापलेल्या बियांकडे पाहिलं. एकोणीस बिया, प्रत्येकीच्या दोन फाका.

"आधी सांगायचंस ना, आत्या. मी मागितल्याच नसत्या."

"म्हणूनच नाही सांगितलं," आत्या म्हणाली, आणि पहिल्या फणीच्या उरलेल्या बियांची बशी तिने भाचीकडे सरकवली.