चाचणीसाठी एक फाइल

"हरेशभाई, या वेळी तरी चाचणीला दुसरी फाइल घ्या ना," चिराग म्हणाला. "चव्वेचाळीस रिपोर्ट आहेत तुमचे, सगळ्यांत सेम नंबर. लकी नंबर आहे काय?"

"सवय," हरेश म्हणाला.

चिराग नवा आय.टी. मॅनेजर. जुने रिपोर्ट वाचणारा हा त्या हॉस्पिटलातला पहिलाच मॅनेजर, त्यामुळे तो फार टिकेल असं कोणाला वाटत नव्हतं.

आचोळ्याच्या त्या साठ खाटांच्या हॉस्पिटलात हरेश भोईर सर्व्हर सांभाळायचा. सर्व्हर म्हणजे पेशंटांचे एक्स-रे, सोनोग्राफ्या आणि कागद पोटात घेऊन बसलेलं कपाटाएवढं यंत्र. त्याला कायम गारव्यात ठेवावं लागतं, म्हणून कॅन्टीनवाला तिथे दूध ठेवायचा, आणि एकदा ट्रस्टींच्या नातीचा केकही तिथे मुक्कामाला होता. एखादी डिस्क मेली तर बाकीच्या डिस्क तिचं काम वाटून घेतात. तरीही हरेश रोज सगळ्याची एक प्रत टेपवर उतरवायचा. प्रत काय, सगळेच घेतात. ती वेळेला उघडते का, हे कोणी बघत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी टेपवरून एक फाइल परत काढून बघायची, असा नियम होता. फाइल कुठलीही चालते.

हरेश एकच काढायचा. चौदा सेकंदांची. करड्या पडद्यावर एक इवलंसं हृदय उघडायचं, मिटायचं. आवाज नाही. नाव, बेबी ऑफ संजना. वय, दोन दिवस.

ती नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी, त्यामुळे नाव ठेवायचं राहिलं. आजारी बाळांच्या काचेच्या खोलीत मोबाईल नेऊ देत नसत, त्यामुळे फोटो काढायचा राहिला. चार महिन्यांनी हरेशला त्याच हॉस्पिटलात नोकरी लागली. पहिल्या चाचणीला कुठली फाइल काढू, असं त्याने विचारलं, तर तेव्हाचे साहेब म्हणाले, "काढ रे कोणाचीही."

ज्या वर्षी वसईत चार दिवस पुराचं पाणी उतरलं नाही, त्या वर्षी हरेश डिस्कांचा खोका डोक्यावर घेऊन तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. पेशंटांच्या आधी डिस्क हलवल्या म्हणून त्याला मेमो मिळाला, आणि डिस्क वाचवल्या म्हणून प्रशस्तिपत्र. दोन्हींवर सही एकाच साहेबांची.

"आता तो नंबर तसाही जाणार," चिराग म्हणाला. "नवा सर्व्हर येतोय. दहा वर्षांच्या वरचं काही घ्यायचं नाही. एकतीस तारखेला सगळं डिलीट, टेपसकट. यादीवर सही तुमची."

हरेशने मान हलवली. ती किती वेळ हलत होती ते त्याला कळलं नाही.

पेन ड्राइव्हवर उतरवून घेता आलं असतं; पण यंत्राची ती सगळी भोकं त्याने स्वतःच एम-सील लावून बुजवली होती. मोबाईलवर शूट करता आलं असतं; पण 'आत मोबाईल नेऊ नये' ही पाटी त्यानेच लावली होती, आणि ती पाळणाराही तो एकटाच होता. तेव्हा तो सरळ रेकॉर्डच्या खिडकीवर गेला. तिथे क्लेमेंटीनबाय बसायच्या. अकरा वर्षं दोघं एका टेबलावर डबा खात.

"बाय, एका फाइलची कॉपी पाहिजे होती."

"अर्ज भर. नंबर सांग." त्यांनी नंबर टाईप केला, चष्मा वर केला, खाली केला. "संजना म्हणजे… तुझी संजना?"

"हो."

"मेल्या, अकरा वर्षं माझ्या डब्यातलं सुकं मटण खातोस, आणि हे सांगितलं नाहीस?"

हरेशने खिशातलं पेन काढलं. क्लेमेंटीनबायनी फॉर्म पुढे सरकवला. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बाळाची फाइल आईच्या नावावर असते रे. अर्ज तिने स्वतः भरायला पाहिजे. इथे, माझ्यासमोर."

संध्याकाळी तो उमेळ्याला घरी पोचला तेव्हा संजना ओट्यावर सुपात जवळा निवडत होती.

"एक सही पायजे तुझी."

"कशावर?"

आचोळ्यापासून उमेळ्यापर्यंत स्कूटरवर त्याने सगळं नीट जुळवून आणलं होतं. तोंडातून ते उलटं बाहेर पडलं. आधी एकतीस तारीख, मग टेप, मग चौदा सेकंद, आणि सगळ्यात शेवटी मुलगी.

संजनाचे हात थांबले नाहीत.

"किती येळा बघितलंत?"

"चव्वेचाळीस."

"मी दोनदा. काचेतून. तिसऱ्यांदा टाके दुखायला लागले, नर्सनं सोडलं नाय."

"तुला तरास होईल म्हनून नाय बोललो."

"माझा तरास तुमीच ठरवलात."

जेवताना तिने त्याला दोनदा भात वाढला आणि एकदाही तोंड उघडलं नाही. सकाळी तो आंघोळ करून आला तर ती दारात उभी. लग्नाकार्यालाच कपाटातून निघणारी मोरपंखी साडी नेसलेली. "चला," म्हणाली.

रेकॉर्डच्या खिडकीवर तिने उभ्याउभ्याच फॉर्म भरला. 'रुग्णाचे नाव' या रकान्यात, जरासुद्धा न थांबता, तिने लिहिलं, 'तेजस्वी हरेश भोईर'.

हरेश ते वाचत राहिला. हे नाव त्याने घरात कधी ऐकलं नव्हतं.

"बाय गो," क्लेमेंटीनबाय म्हणाल्या, "कम्प्युटरमध्ये बेबी ऑफ संजना आहे. तेवढं खोड, वर तसं लिही, बाजूला सही कर."

"नाय खोडनार."

"नवीन फॉर्म देऊ? नाव जुळलं नाही तर तो घेत नाही."

"नको घेऊ दे."

"संजना," हरेश म्हणाला, "नुसतं कागदावर तर लिहायचंय."

"अकरा वर्षं तुमी तिला नंबरानं हाक मारलीत," ती म्हणाली. "आता मी पन मारू?"

रांगेत मागे उभा असलेला माणूस उगाचच छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मना दाखवा तरी."

सर्व्हरच्या खोलीत परक्या माणसाला नेत नाहीत. न्यायचंच तर दाराशी एक वही असते, तिच्यात लिहावं लागतं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात हरेशने 'भेट' असं लिहिलं. संजनाने चपला बाहेर काढल्या, खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि पडद्याकडे बघत राहिली.

चौदा सेकंद संपले.

"तोंड?" तिने विचारलं.

"यात तोंड नसतं. फक्त हृदय."

"हात?"

"नाय."

तिने आपल्या साडीकडे एकदा बघितलं. "परत लावा," म्हणाली.

त्याने परत लावलं. पाच वेळा लावलं. कॅन्टीनचा माणूस दुधाची पिशवी न्यायला आला, आणि दोघांकडे बघून दुधाशिवायच गेला.

"म्हंजे तुमी तिचं तोंड बघितलंच नाय?"

"मी खालीच होतो. औषधं, रक्त… शेवटी हातात दिली तवा गुंडाळलेली होती. उघडायचा धीर नाय झाला."

संजना पडद्याकडेच बघत बोलली. "हनुवटीवर खळी होती. तुमच्या आईसारखी. आनि उजवा कान जरा दुमडलेला. जांभई देताना सगळं तोंड वाकडं करायची."

यंत्राचे पंखे घरघरत होते.

"तुमाला पायजे असंल," ती म्हणाली, "तर मी जाऊन बेबी लिहिते. तुमच्यासाठी. तुमची सवय हाय."

हरेशने पडद्याकडे बघितलं. समोर हृदय मिटलेल्या अवस्थेत थांबलं होतं. फाइल संपली की ते तिथेच थांबतं.

"नको," तो म्हणाला. "कानाचं परत सांग."

एकतीस तारखेला दुपारी यादी छापून आली. दोन हजार एकशे सहा नंबर. नष्ट केलेल्या फाइली नष्ट होतात. नष्ट केलेल्या फाइलींची यादी मात्र, नियमाप्रमाणे, कायम जतन करतात. असा नियम कोणी आणि का केला, हे हॉस्पिटलात कोणाला ठाऊक नाही. हरेशने बटण दाबलं. सगळ्या टेप तुकडे करणाऱ्या पेटीत टाकल्या. मग खाली बसून प्रत्येक नंबरापुढे बरोबरची खूण केली, आणि एका नंबरापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरांत एक ओळ लिहून कागद चिरागकडे दिला.

"हे काय, हरेशभाई? रिमार्कमध्ये निल लिहायचं असतं," चिराग म्हणाला, आणि मोठ्याने वाचायला लागला. "तेजस्वी हरेश भोईर, नऊ दिवस. हनुवटीवर खळी, उजवा कान…"

पुढचं त्याने मनातच वाचलं.

मग त्याने खणातून शिक्का काढला. एकदा टेकवून बघितला, उचलला, आणि कागदाच्या अगदी कडेला, त्या ओळीला लागणार नाही असा, हलकेच मारला.