घेतली, घेतली

दवाखान्याच्या बैठकीच्या खोलीत गोळ्यांची आठवण करणाऱ्या अ‍ॅपच्या मुलीने मोबाइलवर तिसरा आवाज वाजवला आणि घड्याळजींनी तोही नापास केला.

"पहिली कर्ज घ्या म्हणून मागे लागणारी. दुसरी गाडी उशिरा येणार सांगणारी. आणि ही इतकी गोड, की मुद्दाम गोळी चुकवावी, म्हणजे पुन्हा हाक मारेल."

खोली हसली. त्यांच्या पत्नी, काकू, मात्र हसल्या नाहीत. मागच्या महिन्यात रक्तदाब चढून घड्याळजी न्हाणीघरात कोसळले होते. तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी काकूंच्या तोंडी देवाचं नाव येई. गोळ्या दोघांनाही होत्या, वेळा काकूच सांभाळत. रोज विचारत. तरी असं झालं कसं, हे डॉक्टरांनाही उमगेना.

"अ‍ॅप तुमच्यासाठी आहे, तेव्हा आठवण कुणी करायची तेही तुम्हीच ठरवा," मुलगी म्हणाली. "काकू, तुम्ही बोला बरं."

काकूंनी घसा साफ केला. "कृपया आपली गोळी घ्यावी."

"ही कोण बाई?" घड्याळजी म्हणाले.

"घरी बोलता तसं, काकू."

काकूंनी डोळे मिटून आपलं स्वयंपाकघर आठवलं. "अहोऽ, गोळी घेतलीत का?"

"घेतली, घेतली!"

खोलीतले सगळे पुरुष एका सुरात म्हणाले. एकाने तर पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

बायका सावकाश आपापल्या नवऱ्यांकडे वळल्या. काकूंनी घड्याळजींच्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली. सकाळची गोळी निघाली. तिच्यामागून कालचीही.

"घेणारच होतो गं," घड्याळजी पुटपुटले.

काकू मुलीकडे वळल्या. हळूच म्हणाल्या, "विचारायचंच नाही, बाळ. थांब, पुन्हा बोलते."

संध्याकाळी घरी फोन काकूंच्या आवाजात बोलला, "अहो, पाणी आणलंय. धरा."

घड्याळ दुरुस्त करत बसलेल्या घड्याळजींनी भिंगातून नजर न काढता हात पुढे केला. हात तसाच हवेत राहिला. स्वयंपाकघराच्या दाराआड काकू ओठ दाबून उभ्या होत्या. पाय उचलायचा नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं होतं.

"धरा," फोन पुन्हा म्हणाला.

"आणलंय म्हणे! कुठंय?" करवादत घड्याळजी उठले, आत आले, पाणी ओतून घेतलं, गोळी गिळली आणि काकूंना जीभ काढून दाखवली.

"तुझी घेतलीस का गं?"

"घेतली, घेतली," काकू म्हणाल्या, आणि घड्याळजींची पाठ वळताच साखरेच्या डब्यामागे राहिलेल्या गोळीसाठी हात घातला.