बोटीवर रंगवलेला पासवर्ड

"डेलिशा, धाव गो! आमचां घर कोणीतरी चोरल्यान!"

शेजारची डोरथी आंटी तिच्या अंगणातून ओरडली तेव्हा मी सुरमईला मसाला लावत होते. तशीच लाल हातांनी धावले. घर जागेवर होतं. चोरलं होतं ते आंटीच्या होमस्टेचं पेज! नाव बदललेलं, फोटो भराभर गायब होत होते, आणि नाताळला येणाऱ्या पाहुण्यांना मेसेज गेलेला: बुकिंग रद्द. आंटीचा नवरा, मिंगेल अंकल, गेल्यापासून तिचं घर या पेजवर चालतं. ते गेलं की सगळंच गेलं.

"आंटी, पासवर्ड काय ठेवलंस?"

"आमच्या बोटीचां नाव आनि नंबर. इसरूक नको म्हणान."

मी कपाळावर हात मारला, मसाल्यासकट. आमच्या देवबागात प्रत्येक बोटीच्या तोंडावर नाव-नंबर ठसठशीत रंगवलेला असतो. आणि पेजवरचा पहिला फोटो कोणाचा? अंकलच्या 'स्टेला मारिस' बोटीचा!

"आनि खंय खंय ह्योच आसा?"

"सगळीकडे. ईमेल, लाइट बिल, तो मिक्सरचो लकी ड्रॉ…"

म्हणजे चोराला एक किल्ली मिळाली आणि ती सगळ्या दारांना लागत होती. तेवढ्यात आंटीचा फोन वाजला. स्क्रीनवर प्रश्न होता: नव्या ठिकाणाहून तुमचा ईमेल उघडला जातोय, तुम्हीच आहात का?

"हय म्हणतंय, म्हणजे फोन गप ऱ्हवतलो," म्हणत आंटीने बोट 'हो'वर नेलं. भलतीच पाहुणचाराची हौस!

मी झडप घातली. 'नाही' दाबलं. फोन मसाल्याने माखला, पण ईमेल वाचला!

"शिरा पडो त्येच्या तोंडार!" आंटीने चोराला शिवी हासडली.

आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, कारण पेज परत मिळवायची वाट तिथूनच जाते. मग पेजवर 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. लिंक आली, आमच्याच ईमेलवर! नवा पासवर्ड टाकला, बाकी सगळीकडून लॉगआउट केलं आणि चोर बाहेर! जुनं नाव लावलं, स्टेलाचा फोटो पुन्हा वर चढवला. पाहुण्यांना फोन केले, या म्हणून सांगितलं. आम्ही दोघी अंगणात चक्क नाचलो.

मग मी तिच्या फोनमध्ये पासवर्ड सांभाळणारं ॲप टाकलं. "ह्यां ॲप सगळ्यांक वेगळो पासवर्ड देतला. तू एकच लक्षात ठेव. लांबलचक वाक्य घाल, कोणाकच ठावूक नसलेलां."

आंटी किनाऱ्यावरच्या बोटीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे पाठ करून एका बोटाने टाइप करत बसली. बराच वेळ. वळली तेव्हा डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

"काय लिवलंस?" मला राहवेना.

"गप ऱ्हव गो. जां मिंगेलाक कधी सांगूक जमला नाय, तां तुका सांगू?"